ताळा कोणत्या यंत्राशी?

दौंड तालुक्यातील वरवंड येथील व्हिक्टोरिया तलावात खडकवासल्याहून निघालेल्या नव्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी येते, आणि कालव्याला आवर्तन सुटले की या पट्ट्यातील शिवारात पहिली चौकशी होते ती किती क्युसेकने पाणी सोडले याची. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. काठावरच्या मोजपट्टीवर फक्त खोली वाचता येते, क्युसेक नाही. तो आकडा कालव्याचा तळ, काठांचा उतार, तळाचा ढाळ आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा लक्षात घेऊन गणितानेच काढावा लागतो. एकच सूत्र, पण दर वेळी नवे आकडे, अशा जातीचे हे गणित आहे, आणि त्याचसाठी गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकांत खिशात मावणारी प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर यंत्रे निघाली. साध्या कॅल्क्युलेटरला प्रत्येक पायरी हाताने द्यावी लागते. प्रोग्रॅमेबल यंत्र दाबलेल्या कळांचा क्रम लक्षात ठेवते आणि पुढच्या वेळी नुसते आकडे दिले की तोच क्रम आपण होऊन पार पाडते.

१९७४ साली ह्युलेट-पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने काढलेले एचपी-६५ हे अशा यंत्रांतील पहिले प्रसिद्ध यंत्र होय. त्याची किंमत ७९५ डॉलर होती, त्यात १०० पायऱ्यांचा प्रोग्रॅम मावत असे आणि तो एका छोट्या चुंबकीय पट्टीवर साठवून ठेवता येई. १९७७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे टीआय-५९ आले, ज्यात ९६० पर्यंत पायऱ्या बसत. १९७९ मध्ये पडद्यावर अक्षरेही दाखवणारे एचपी-४१सी आणि १९८२ मध्ये आडव्या बांध्याचे एचपी-१५सी बाजारात आले. यांतील बहुतेकांचे उत्पादन केव्हाच थांबले. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी किंवा बुधवारी नशिबाने एखादे हाती लागले, तरी ते चालू स्थितीत असेलच याची खात्री कोणी देत नाही. म्हणूनच आज या यंत्रांची ओळख बहुतेकांना होते ती इम्युलेटरमधून, म्हणजे संगणकावर किंवा मोबाइलवर चालणाऱ्या आणि जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करू पाहणाऱ्या सॉफ्टवेअरमधून.

या नकलेची पारख करण्यासाठी कालव्याचेच एक गणित घ्यावे, मात्र त्यातील मापे निव्वळ उदाहरणादाखल आहेत. तळ ६ मीटर रुंद, काठांचा उतार दीडास एक, पाण्याची खोली २ मीटर, दर ५००० मीटरला १ मीटर ढाळ आणि खडबडीतपणाचा गुणांक ०.०१८ असा अस्तर केलेला कालवा आहे असे समजू. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात प्रथम पाण्याच्या काटछेदाचे क्षेत्रफळ लागते. ते काढण्यासाठी एचपी-१५सी वर १.५, एंटर, २, गुणिले, ६, अधिक, २, गुणिले अशा कळा दाबल्या की पडद्यावर १८ येतात. या यंत्रावर 'बरोबर' चिन्हाची कळच नाही, कारण आधी आकडे आणि मग क्रिया अशी, पोलिश तर्कशास्त्रज्ञ लुकासिएविच यांच्या चिन्हपद्धतीला उलटवून बनवलेली, मांडणी त्यात वापरलेली आहे. इंग्रजीभाषकांना ही मांडणी उफराटी वाटते. ज्या भाषेत 'दोन आणि तीन यांची बेरीज कर' असे क्रियापद शेवटीच येते, त्या मराठीच्या कानाला ती फारशी खटकू नये. पुढे १८ चौरस मीटरला ओल्या परिघाने, म्हणजे तळ व काठांच्या पाण्याला टेकलेल्या लांबीने, भागून, त्याचा दोन-तृतीयांश घात घेऊन, ढाळाच्या वर्गमुळाने गुणून व गुणांकाने भागून वेग सेकंदाला ०.९६६ मीटर इतका मिळतो, आणि विसर्ग सेकंदाला १७.३८ घनमीटर, म्हणजे सुमारे ६१४ क्युसेक निघतो.

खरी कसोटी उलट प्रश्नाची. याच कालव्यात ५०० क्युसेक सोडायचे असतील तर पाणी किती उंच राहील, याला सरळ सूत्र नाही. एक खोली मानायची, विसर्ग काढायचा, कमी-जास्त पाहून खोली बदलायची आणि उत्तर स्थिरावेपर्यंत हे चालू ठेवायचे. कालव्याच्या पाण्यासारखीच ही गणिताचीही आवर्तने असतात. १९७९ च्या एचपी-३४सी या यंत्रात हे काम आपोआप करणारी 'सॉल्व्ह' नावाची कळ आली आणि ती पुढे १५सी वरही राहिली. मूळ १५सी वर ती दाबली की पडद्यावर 'रनिंग' हा शब्द कित्येक सेकंद लुकलुकत राहतो आणि मग १.७९ मीटर हे उत्तर येते. तेच काम मोबाइलवरचा इम्युलेटर, वेग मुद्दाम रोखला नसेल तर, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उरकतो. उत्तर दोन्हीकडे तेच. तेव्हा ज्याला केवळ उत्तर हवे, त्याने मूळ यंत्रामागे धावण्याचे काही कारण नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागेल.

मात्र उत्तर नेहमीच तेच असते असे नाही, आणि या विषयातील सर्वांत रोचक भाग इथे सुरू होतो. सैलपणे इम्युलेटर म्हटल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मूळ यंत्राच्या रॉममधील, म्हणजे कारखान्यातच कायमच्या कोरलेल्या स्मृतीतील, सूचना जशाच्या तशा उचलल्या जातात आणि मूळ प्रोसेसरचे सोंग घेणारे सॉफ्टवेअर त्या एकेक करून पाळते. काही जुन्या यंत्रांच्या बाबतीत या सूचना मिळवण्यासाठी चिपचे आवरण काढून आतील रचना सूक्ष्मदर्शकाखाली वाचावी लागली आहे. दुसऱ्या प्रकारात मूळ सूचनांना हातही न लावता, यंत्र बाहेरून जसे वागते तसे वागणारे सॉफ्टवेअर नव्याने लिहिले जाते. थॉमस ओकेन यांचे 'फ्री४२' हे १९८८ च्या एचपी-४२एस सारखे चालणारे विनामूल्य सॉफ्टवेअर या दुसऱ्या प्रकारचे असून, त्यात कंपनीची एकही ओळ नाही.

फरक दाखवणारी एक प्रसिद्ध चाचणी आहे. कोन अंशांत ठेवून ९ चा साइन, त्याचा कोसाइन, त्याचा टॅन असे काढत जायचे आणि मग उलट फलने घेत मागे यायचे. गणित बिनचूक असते तर शेवटी पुन्हा ९ च यायला हवेत. पण प्रत्येक यंत्र ठरावीक अंकांनंतर पुढचे अंक सोडून देत असल्यामुळे प्रत्येकाचे उत्तर निराळे येते आणि ते त्या यंत्राच्या अंगठ्याच्या ठशासारखे ओळखता येते. एचपी-१५सी चे उत्तर ९.०००४१७४०३, तर एचपी-४२एस चे ८.९९९९९८६४२६७ येते. रॉमवर चालणारा १५सी चा इम्युलेटर चुकीसकट पहिला आकडा दाखवतो. फ्री४२ मात्र ३४ अंकांपर्यंत हिशेब ठेवत असल्याने मूळ ४२एस पेक्षा ९ च्या कितीतरी जवळ पोहोचते. म्हणजे ते अधिक बरोबर आहे, आणि नेमक्या त्याच कारणाने नक्कल म्हणून उणे आहे. अभियंत्याला ते चालेल, इतिहासकाराला चालणार नाही. १९७२ च्या एचपी-३५ च्या सुरुवातीच्या प्रतींत २.०२ चा नैसर्गिक लॉग घेऊन पुन्हा घात केला की २ च मिळत, हा दोष जतन करणे हेही जतनाच्या कामाचाच भाग मानावे लागते. एचपी-४१सी च्या बाबतीत तर काही वापरकर्त्यांनी यंत्रातील फटींचा फायदा घेऊन कंपनीने न सांगितलेल्या सूचना शोधल्या, आणि 'सिंथेटिक प्रोग्रॅमिंग' या नावाने त्यांचे एक शास्त्रच उभे केले. विल्यम विक्स यांचे त्यावरील पुस्तक १९८० मध्ये निघाले. नव्याने लिहिलेल्या गुळगुळीत नकलेत त्या फटीच नसतात.

मग नकलेचा ताळा कशाशी करायचा? शेवटी मूळ यंत्राशीच, आणि ते दिवसेंदिवस दुर्मीळ होत आहे. निकेल-कॅडमियम बॅटऱ्या गळून आतील तांब्याचे पट्टे खातात. एचपी-६५ व ६७ मधील चुंबकीय पट्टी ओढून घेणाऱ्या रबरी चाकाचा कालांतराने चिकट डांबरासारखा लगदा होतो. जुन्या ४१सी मधील स्क्रू धरणारे प्लास्टिकचे खांब तडकतात आणि जोडण्या सैल पडून यंत्र मध्येच बंद पडते. कोकणातील असो वा घाटावरील, पावसाळ्याची दमट हवा या कशालाच मानवत नाही. सॉफ्टवेअरला यातले काहीच होत नाही, हे खरे. पण काचेच्या सपाट पडद्यावर बोट ठेवल्यावर कळ बसली की नाही हे बोटाला समजत नाही, आणि डोळे मोजपट्टीवर ठेवून नुसत्या स्पर्शाने आकडे भरणे, ज्यासाठी या कळांचा तो दबून 'टक्' होणारा ढंग घडवला गेला, ते कोणत्याही मोबाइलवर जमत नाही.

गुंतागुंत अशी की 'मूळ यंत्र' ही कल्पनाही आता तितकीशी निखळ राहिलेली नाही. एचपी-१२सी हे वित्तीय यंत्र १९८१ पासून आजतागायत विकले जाते. त्याचे रूप तेच असले, तरी काही वर्षांपासून त्याच्या पोटात आधुनिक एआरएम प्रोसेसर असून तो जुन्या सूचनांची नक्कल चालवतो. २०११ मध्ये मर्यादित संख्येने पुन्हा काढलेले १५सी ही असेच होते. स्विसमायक्रोज या कंपनीचे डीएम४२ तर उघडउघड फ्री४२ चेच सॉफ्टवेअर खऱ्या कळांच्या पेटीत बसवून बनवलेले आहे. अशा यंत्राला इम्युलेटर म्हणावे की हार्डवेअर, हा वाद घालणारे घालोत. कालव्याची खोली काढणाऱ्याला त्यात कळाही मिळतात आणि वेगही.

परीक्षेच्या दालनात मात्र हा भेद अजून ठसठशीत आहे. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी प्रश्नपत्रिकांच्या सूचनांत वर्षानुवर्षे लॉग टेबल, स्लाइड रूल, मोलिअर आलेख, वाफेचे तक्ते आणि इलेक्ट्रॉनिक पॉकेट कॅल्क्युलेटर वापरण्यास मुभा असल्याचे छापले जाई. स्लाइड रूल म्हणजे सरकत्या पट्टीवर लॉगच्या खुणा केलेले, खिशातल्या कॅल्क्युलेटरांनीच मोडीत काढलेले साधन. वरवंडहून परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्याने आजोबांची तशी पट्टी काढून बाकावर ठेवली असती, तर सूचनांप्रमाणे तिला कोणी हरकत घेऊ शकले नसते. १५सी चा इम्युलेटर असलेला मोबाइल मात्र त्याला दाराबाहेरच ठेवावा लागला असता.