जुन्या मालट्रकच्या इंजिनातील संपीडन-ऱ्हासाचे निदान

प्रस्तावना :
टेल्को आणि जर्मनीतील डायमलर-बेन्झ यांच्यात १९५४ मध्ये झालेल्या करारामुळे भारतीय रस्त्यांवर डिझेल मालट्रक रुळला. त्याच परंपरेतील सहा सिलिंडरांचे टाटा ६९७ इंजिन (बोअर ९७ मि.मी., स्ट्रोक १२८ मि.मी.) पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. अशा जुन्या इंजिनाची ओढ कमी झाली की 'इंजिन बसले' असे म्हणून ते पूर्ण खोलले जाते. दोष कधी एकाच व्हॉल्व्हचा असतो. मालकाला मात्र सहाही लायनर-पिस्टनचा खर्च सोसावा लागतो. हा खर्च टाळणारी निदानपद्धती स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संपीडनाचे महत्त्व :
डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते व त्या उष्णतेनेच इंधन पेटते. हवा गळू लागली की तापमान उतरते. परिणामी थंड इंजिन लवकर सुरू होत नाही, पांढरा धूर येतो आणि शक्ती घटते.

दाबमापन :
इंजिन गरम करून, इंधनपुरवठा बंद ठेवून, इंजेक्टरच्या जागी गेज बसवून प्रत्येक सिलिंडरचा दाब नोंदवावा. येथे एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांची तुलना अधिक बोलकी असते. सर्व सिलिंडरांत दाब सारखाच कमी असल्यास सर्वसाधारण झीज संभवते. मात्र त्यापूर्वी बॅटरी व एअर फिल्टर तपासावेत, कारण स्टार्टर मंद फिरला तरी आकडे खाली येतात. शेजारच्या दोनच सिलिंडरांत दाब कमी असल्यास हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. एकाच सिलिंडरात घट असल्यास प्रथम टॅपेटचे अंतर पाहावे. ते उरले नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

गळतीचे स्थान :
गेज घट किती हे सांगतो, कोठे हे सांगत नाही. त्यासाठी संशयित सिलिंडरचा पिस्टन संपीडन-स्ट्रोकच्या शिखरावर आणून, क्रँक फिरणार नाही अशी व्यवस्था करून, इंजेक्टरच्या छिद्रातून कॉम्प्रेसरची हवा सोडावी व कान द्यावा :
१) एअर फिल्टरच्या नळीत फुसफुस – इनलेट व्हॉल्व्ह.
२) सायलेन्सरमध्ये आवाज – एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.
३) रेडिएटरमध्ये बुडबुडे – गॅसकेट अथवा तडकलेले हेड.
४) ऑइल भरण्याच्या तोंडातून हवेचा झोत – रिंग, पिस्टन अथवा लायनर.
रिंगांमधून थोडी हवा नेहमीच निसटते. म्हणून निरोगी सिलिंडरशी तुलना आवश्यक ठरते.
सिलिंडरमध्ये ऑइल घालून पुन्हा दाब मोजण्याची रीत डिझेल इंजिनात जपून वापरावी. पिस्टनवरील जागा अल्प असते व ऑइल दाबले जात नाही; ते जास्त झाल्यास कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

निष्कर्ष :
पहिल्या तीन प्रकारांत सामान्यतः हेड उतरवून काम भागते. चौथ्यातच खालचे इंजिन खोलण्याचा विचार करावा लागतो. तासाभराची ही तपासणी आधी केल्यास निर्णय तर्कावर न राहता पुराव्यावर आधारला जातो. लक्षण, तुलना, स्थाननिश्चिती आणि मगच उपचार हा क्रम वैद्यकाइतकाच यंत्रशाळेलाही लागू पडतो.