कापसाची कांती : जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा जीर्णोद्धार

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब हे गाव ज्या कापूसपट्ट्यात वसले आहे, त्या पट्ट्याचा आणि इलेक्ट्रिक गिटार या वाद्याचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तरीही १९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिकेत घडलेल्या ज्या गिटारींना आज जुन्या वाद्यांचे जाणकार जिवापाड जपतात, त्यांच्या लाकडावरचा पातळ, चमकदार आणि वयाबरोबर पिवळसर होत जाणारा थर मुळात कापसाचा आहे. जिनिंगमध्ये रुई निघून गेल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, ती स्वच्छ करून नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात मुरवली की नायट्रोसेल्युलोज तयार होते. ते द्रावकात विरघळवून लाकडावर फवारले की द्रावक उडून जातो आणि मागे काचेसारखा पापुद्रा उरतो. शॉनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८४६ साली बाझल येथे या पदार्थाचा शोध लावला तेव्हा त्याचा उपयोग स्फोटकासाठी झाला. पुढे १९२३ च्या सुमारास ड्यू पाँट कंपनीने त्यापासून 'ड्यूको' हा झटपट वाळणारा मोटारींचा रंग बाजारात आणला आणि तेथून तो वाद्यांच्या कारखान्यांत पोहोचला. वऱ्हाडचा कापूस दारव्ह्यावरून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या 'शकुंतला' रेल्वेच्या अरुंद रुळांवरून मुंबईच्या बाजारात जात असे, तो गिटारींपर्यंत गेला असा दावा येथे नाही. परंतु सरकीवरची लव रोज पाहणाऱ्या प्रदेशाला या थराचा स्वभाव समजावून घेणे परके वाटू नये.

इलेक्ट्रिक गिटारचा इतिहास शतकाहून लहान आहे. मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याच्या हवाईयन गिटारचा आवाज वाद्यवृंदात बुडू नये म्हणून १९३०च्या दशकाच्या आरंभी बोशां आणि रिकनबॅकर यांनी तारांभोवती लोहचुंबक आणि तारांखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे बसवले. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह उपजतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवतो. या चुंबक-वेटोळ्याच्या जोडीला पिकअप म्हणतात. पोकळ पेटीची गरज संपल्यावर लिओ फेंडर यांच्या कारखान्यातून १९५० च्या सुमारास अखंड लाकडाची गिटार बाहेर पडली, १९५२ मध्ये गिब्सनने 'लेस पॉल' आणली आणि १९५४ मध्ये फेंडरची 'स्ट्रॅटोकास्टर' आली. फेंडरचे रंगही मोटारींचेच होते: 'फिएस्टा रेड' फोर्डच्या थंडरबर्डवरून उचललेला आणि 'लेक प्लॅसिड ब्लू' कॅडिलॅकवरून. भारतात या वाद्याला वॅन शिप्ले यांनी चित्रपटगीतांच्या धून वाजवून घरोघर नेले, ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याच्या हवाईयन भावंडाला रागसंगीतात आणले, तर १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांमुळे बहुसंख्य वादकांना देशी बनावटीच्या किंवा हातोहात फिरलेल्या परदेशी गिटारींवर भागवावे लागले. त्यामुळे आपल्याकडे सापडणाऱ्या जुन्या गिटारी अनेकदा दोन-तीन वेळा रंगवलेल्या आणि हाती लागेल त्या भागांनी चालू ठेवलेल्या असतात. अशा वाद्याचा जीर्णोद्धार करताना पहिला प्रश्न त्यातले काय राहू द्यायचे हा असतो, आणि कामाचे बरेवाईट बहुतांशी या प्रश्नाच्या उत्तरावरच ठरते.

येथे तीन शब्दांतला फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे. दुरुस्तीत वाद्य वाजते होते; जीर्णोद्धारात ते त्याच्या मूळ रूपाजवळ नेले जाते; आणि पुनर्लेपनात जुना थर काढून नवा चढवला जातो. उत्साही मालक बहुधा तिसऱ्या कामापासून सुरुवात करतो, आणि नेमके तेच काम एकदा झाले की उलटवता येत नाही. जुन्या वाद्यांच्या बाजारात मूळ थर गेलेल्या गिटारची किंमत कधी कधी निम्म्यावर येते हे खरे असले, तरी किंमत हे जुना थर न काढण्याचे दुय्यम कारण मानावे. आयर्लंडचे गिटारवादक रॉरी गॅलघर यांनी १९६३ मध्ये घेतलेल्या १९६१ च्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग त्यांच्या घामाने जवळजवळ पूर्ण झडून गेला. त्या उघड्या लाकडावर वादकाचा हात कोठे टेकत होता हे आजही वाचता येते आणि ते वाचन कोणत्याही चकचकीत थराने परत मिळणार नाही. याउलट जॉर्ज हॅरिसन यांनी आपली स्ट्रॅटोकास्टर १९६७ मध्ये भडक रंगांनी स्वतः रंगवली, आणि आता तो रंगच त्या वाद्याचा इतिहास झाला आहे; तो खरवडून खालचा मूळ निळा शोधणे हा विध्वंस ठरेल. म्हणून 'मूळ' म्हणजे नेहमीच 'कारखान्यातले' असे समजणे चुकीचे आहे.

थर कोणता आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये. पिकअपच्या खोबणीत, जेथे कोणाची नजर जात नाही, कापसाच्या बोळ्याने थिनरचा एक थेंब लावला तर नायट्रोसेल्युलोज मऊ होऊन चिकट होते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून फेंडरने वापरलेला जाड पॉलिएस्टर थर मात्र ढिम्म राहतो, कारण तो वाळताना त्याचे रेणू परस्परांत कायमचे गुंफले जातात. चपड्याचा, म्हणजे लाखेचा, थर साध्या स्पिरिटनेच विरघळतो. नायट्रोसेल्युलोजचा नवा हात जुन्या हातात विरघळून एकजीव होतो, म्हणून टवका उडालेली जागा थेंबाथेंबाने भरून, वाळू देऊन, बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासून सपाट करता येते. पॉलिएस्टरवर मात्र ठिगळ ठिगळच राहते. जुन्या थरावर जाळीसारख्या बारीक भेगा दिसतात, त्या अचानक थंडी-उष्णता बसल्याने पडतात: लाकूड एका वेगाने आकसते, ठिसूळ झालेला थर दुसऱ्या वेगाने. तिरप्या उजेडात धरल्यावर त्या वाळलेल्या तळ्याच्या गाळासारख्या दिसतात आणि जवळून पाहिल्यास बहुतेक लाकडाच्या तंतूंना आडव्या जातात. त्या भेगा भरू नयेत हाच या लेखाचा आग्रह आहे.

त्याच कापसाचे दुसरे रूप सेल्युलॉइड. काही जुन्या गिटारींवरील, नायट्रोसेल्युलोजमध्ये कापूर घालून बनवलेल्या या प्लॅस्टिकच्या संरक्षक पट्ट्या कालांतराने आकसतात, स्क्रूजवळ तडकतात आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लधर्मी वाफेने शेजारचा धातू गंजतो. जुन्या चित्रपटांच्या फितीही याच कुळातल्या, आणि २००३ मध्ये पुण्यात अशा फितींच्या भांडाराला लागलेल्या आगीने हे कुळ किती ज्वालाग्राही आहे ते दाखवले. अशी पट्टी बंद पेटीत ठेवू नये आणि तिच्याजवळ जळती उदबत्तीही आणू नये.

लेपाच्या बाबतीत महाराष्ट्राकडे स्वतःची परंपरा आहे. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब या शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कारागिराने तंतुवाद्ये दुरुस्त करता करता सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली. त्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तुनाच्या लाकडावर आणि भोपळ्यावर तेथे चपड्याचे पॉलिश कापडाच्या बोळ्याने हात देऊन चढवले जाते. हा चपडा म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव. तो किडा पळस, कुसुम आणि बोर या झाडांवर पोसतो, म्हणजे बोरी अरबच्या नावात जी बोरी आहे तिच्यावरही. तबकड्यांच्या आरंभीच्या युगात अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या याच लाखेच्या असत. गिटारच्या दृष्टीने चपड्याचा खरा उपयोग मध्यस्थाचा आहे: जुन्या, अज्ञात थरावर नवा थर बसत नसेल तेव्हा मेण काढलेल्या चपड्याचा एक पातळ हात दोघांना बांधून ठेवतो. मिरजेच्या कारागिराकडून आणखी एक गोष्ट घ्यावी लागते. तारेच्या नादाला झंकार देणारी जवारी काढताना तो घोडीचा पृष्ठभाग किंचित घासतो, तार लावून ऐकतो आणि पुन्हा घासतो. गिटारच्या झिजलेल्या पडद्यांवरही असेच काम करायचे असते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकणारे असतात, गिटारचे मात्र लाकडात ठोकलेले, म्हणून येथे जास्त घासले गेले तर पडदाच बदलावा लागतो.

विद्युतभागाचे काम जुना रेडिओ उघडणाऱ्या हाताला सोपे आहे. पिकअपमधील तांब्याची तार माणसाच्या केसाइतकी बारीक असते आणि तिचे हजारो वेढे असतात. मल्टिमीटरवर साधारण सहा ते आठ किलोओहम रोध दिसला तर वेटोळे शाबूत आहे, रोध अनंत दिसला तर तार कोठेतरी तुटली आहे. आवाज कमीजास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकड्यांचा शिक्का असतो, त्यातील पहिले आकडे कारखान्याचे आणि नंतरचे वर्ष-आठवड्याचे. मानेच्या टाचेवर पेन्सिलने लिहिलेल्या तारखेशी तो जुळतो का, हे पाहिल्यावर वाद्याच्या वयाचा अंदाज बांधता येतो. झाळकाम शाबूत असेल तर ते तसेच राहू द्यावे. खरखर बहुधा पॉटच्या आतल्या धुळीची असते आणि संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्याने जाते.

थर अगदीच उरला नसेल, किंवा कोणी घरगुती ऑइल पेंट फासलेला असेल, तरच पुनर्लेपन करावे. ऑइल पेंट उष्ण हवेने मऊ करून खरवडावा, थिनर-स्ट्रिपरची वाफ घेऊ नये, तोंडावर मास्क आणि जवळपास आग नको. मग शंभर-सव्वाशे नंबरपासून तीनशेपर्यंत पॉलिश पेपर, तोही तंतूंच्या दिशेने. ॲश आणि महोगनीच्या उघड्या छिद्रांत लांबी भरावी लागते, आल्डरला तिची फारशी गरज नसते. नंतर सीलर, रंग आणि पारदर्शक थरांचे अनेक पातळ हात. पावसाळ्यात फवारणी केली तर हवेतली ओल थरात अडकते आणि रंग दुधाळ पांढरा पडतो. मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात द्रावक इतक्या वेगाने उडतो की थर पसरायच्या आधीच सुकून खरखरीत होतो. म्हणून या भागात कोजागरीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ या कामासाठी उत्तम. उन्हाळा-पावसाळ्याच्या या टोकांमुळे मानही वाकते. तिच्या आत पोलादी सळी, म्हणजे ट्रस रॉड, असते, ती दरवेळी पाव वेढ्यापेक्षा जास्त फिरवू नये आणि मग लाकडाला एक रात्र द्यावी.

सगळे थर घासून काढताना संरक्षक पट्टीखालचा नखाएवढा भाग आणि मानेच्या खोबणीतला जुना रंग मात्र तसाच ठेवावा. पट्टी पुन्हा बसवली की तो दिसत नाही, आणि वीस वर्षांनी ज्याच्या हाती ती गिटार येईल त्याला ती मूळची लाल होती की निळी हे तेथे थिनरच्या एका थेंबाने आणि भिंगाने कळेल.