समजून घ्या : बालकल्याण समितीपुढे मुलाच्या मताला किंमत किती?

बारामती तालुक्यातील माळेगाव, सोमेश्वर असो की इंदापूर तालुक्यातील भवानीनगर. गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांची पाले पडतात. तेथे किंवा गावात एखादे मूल निराधार, हरवलेले वा छळ सोसणारे आढळले, तर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. मूल कुठे राहणार, हे समिती ठरवते.

मुलाला विचारतात का?
विचारावेच लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ३ नुसार, स्वतःशी संबंधित प्रत्येक निर्णयात आपले म्हणणे मांडण्याचा मुलाला हक्क आहे. वय आणि समज पाहून त्याचा विचार होतो.

मुलाचे म्हणणे अंतिम असते का?
नाही. घरी मारहाण होत असेल, तर मूल ‘घरी जायचे’ म्हणाले तरी समिती नकार देऊ शकते. मात्र ‘बहिणीपासून तोडू नका’, ‘शाळा बदलू नका’ हे म्हणणे विचारात घ्यावेच लागते.

बालगृहात गेल्यावर काय?
केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ वयोगटांच्या स्वतंत्र बाल समित्या असाव्यात. त्यांत फक्त मुलेच असतात. सूचनापेटी कार्यालयापासून दूर, मुलांच्या खोल्यांजवळ लावायची असते; म्हणजे तक्रार टाकताना कुणाची भीती नको.

मदत कुठे मिळेल?
संकटातील मुलासाठी १०९८ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो. मूल स्वतःही करू शकते.