पॉवर वीडर अडकतो तेव्हा

शेवगाव तालुक्यात पावसाने साथ दिली की कपाशी वर येते, आणि तिच्यापाठोपाठ तणही. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, कोळप्यासाठी बैलजोडी सांभाळणे परवडत नाही. त्यामुळे पॉवर वीडर हे छोटे यंत्र आता कपाशीच्या दोन ओळींमधून आणि उसाच्या सरीतून फिरताना दिसते. महाडीबीटीवर अर्ज केला की यांत्रिकीकरण योजनेत त्याला अनुदानही मिळते. दोरी ओढली की इंजिन चालू. शिकायला तास-दोन तास पुरतात, आणि बहुतेकांचे शिक्षण तिथेच थांबते.

बैल ‘हो’ म्हटले की थांबतो. यंत्राला तेवढी समज नसते.

इंजिनाची ताकद पट्ट्याने किंवा गिअरने खालच्या आडव्या दांड्याला मिळते. त्या दांड्यावर वाकडी, धारदार पाती बसवलेली असतात. बहुतेक यंत्रांत ही पाती चाकांच्याच दिशेने फिरतात. पाते कडक ढेकळावर किंवा दगडावर आदळले, की ते माती कापायचे सोडून चाकासारखे तिच्यावरून धावू लागते आणि यंत्र पुढे उडी घेते. मूठ धरलेला माणूस त्याबरोबर ओढला जातो. म्हणून वाळून दगड झालेल्या रानात पहिल्याच फेरीला पाते खोल घालू नये. आधी वरवर, मग दुसऱ्या फेरीला खोल. आणि वाफसा पाहावा. शेवगावची काळी माती ओली असली तर पात्यांना गोळे धरते, सुकली तर भेगाळते. दोन्हीत यंत्र हाताळणे अवघड.

सगळ्यात घातकी क्षण रिव्हर्सचा. ज्या यंत्रात पाती चाकांच्या मागे असतात, तिथे ती चालवणाऱ्याच्या पायांच्या अगदी पुढ्यात येतात. मागे सरताना ढेकळाला टाच अडखळली, मागे बांध, तारेचे कुंपण किंवा कठडा नसलेली विहीर असली, की माणूस पडतो आणि यंत्र त्याच्याकडेच येत राहते. रिव्हर्स टाकण्याआधी पात्यांची फिरकी बंद करायची, हा नियम चुकवू नये. काही यंत्रांत रिव्हर्समध्ये पाती आपोआप थांबण्याची सोय असते. चार पैसे जास्त पडले तरी तेच यंत्र घ्यावे. बऱ्याच यंत्रांत क्लचची मूठ सोडली की पाती थांबतात. हात दुखतो म्हणून ती मूठ सुतळीने बांधून टाकणे म्हणजे ब्रेक काढून गाडी रस्त्यावर आणणे.

अडकणे हा रोजचाच प्रकार. हरळी, मागच्या हंगामातली पऱ्हाटी, मल्चिंगचा फाटका कागद आणि विशेषतः ठिबकची नळी पात्यांभोवती अशी आवळते की दांडा जागच्या जागी थांबतो. इंजिन मात्र चालूच असते. तेव्हा खाली वाकून हाताने ओढायला जाणे, यातच बोटे जातात. गुंता सुटताच पाती पुन्हा फिरतात. इंजिन बंद करावे, पेट्रोलचे असेल तर प्लगची टोपी काढावी, पाती पूर्ण थांबली हे डोळ्यांनी पाहावे, मगच विळ्याने गुंता कापावा. काम सुरू करण्याआधी ठिबकच्या नळ्या गुंडाळून बांधावर ठेवल्या तर यातले निम्मे कष्ट वाचतात.

बाकी गोष्टी साध्या, पण पाळल्या जात नाहीत. चपलेऐवजी पाय झाकणारे बूट. धोतराचा सोगा, पदर, गळ्यातले उपरणे आवरलेले. खडे अंगावर उडू नयेत म्हणून मागचा पडदा जागेवर. पोरे लांब. तापलेल्या इंजिनात पेट्रोल ओतायचे नाही आणि बंद शेडमध्ये यंत्र चालू ठेवायचे नाही, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

इजा झालीच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि १०८ ला फोन करावा. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात, मग प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फाला लावू नये.

मळणीयंत्रांत हात गमावणाऱ्यांची संख्या वाढली तेव्हा केंद्राने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. वीडरला तसा धाक नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यू झाल्यास २ लाख आणि एक हात किंवा पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. पण ती मदत अपघातानंतरची.

त्याआधी विचारायला दहिगाव-ने येथील कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच आहे आणि राहुरीचे कृषी विद्यापीठही जिल्ह्यातच. दुकानात यंत्र चालू कसे होते, ते सगळेच पाहतात. ते झटक्यात बंद कसे होते आणि क्लच सोडल्यावर पाती किती वेळात थांबतात, हे विक्रेत्याला आधी दाखवायला सांगा. पैसे नंतर द्या.