हृदयाभोवतीचे पाणी आणि उज्जैनचे नवे इस्पितळ

नोव्हेंबर 2024 मध्ये उज्जैनला वैद्यकीय नगरीचे भूमिपूजन झाले व तिच्या खर्चाचे आणि खाटांचे आकडे सर्वांनी वाचले. मला मात्र एवढेच विचारावयाचे आहे की, मेणाच्या छपाईवर ज्यांचे पोट चालते अशा उज्जैनलगतच्या भैरवगढमधील एखाद्या घरातील मुलाच्या हृदयाभोवती उद्या पाणी साठले, तर त्याचे निदान त्याच रात्री गावातच होईल काय?

हृदयावरणाच्या दोन पदरांत किंचित द्रव निसर्गतःच असतो. विषाणूंमुळे, पू करणाऱ्या जंतूंमुळे, क्वचित कर्करोगामुळे तो वाढतो. आपल्या देशात क्षयाची शंका आधी घ्यावी लागते. पाणी सावकाश साठले तर आवरण ताणत जाते आणि मूल पुष्कळ दिवस तग धरते. तेच झपाट्याने साठले, तर थोडक्या पाण्यानेही हृदय चेपले जाऊन त्यात रक्त भरेनासे होते. अशा मुलाला निजवले की धाप वाढते, पुढे वाकून बसले की बरे वाटते. गळ्याच्या शिरा फुगतात, आणि 1873 साली कुसमाउल या जर्मन वैद्याने नोंदविल्याप्रमाणे श्वास आत घेताना नाडी क्षीण होते. ‘पाणी झाले’ एवढे ऐकून लघवी वाढविणारी गोळी देणे येथे घातक ठरू शकते, कारण हृदयाकडे येणारे रक्त तिने आणखी घटते.

हृदयतज्ज्ञ फायगेनबाउम यांनी 1965 साली ध्वनिलहरींनी हे पाणी हुडकून दाखविले, तेव्हापासून निदानाचे खरे साधन म्हणजे ही ध्वनिलहरींची तपासणी, अर्थात इको. त्याच्याच पडद्यावर नजर ठेवून उरोस्थीच्या खालच्या टोकाशी, डाव्या खांद्याच्या रोखाने सुई घालतात, सुईतून घातलेल्या तारेवरून मऊ नळी आत सरकवितात; पाणी उतरू लागताच दबलेली नाडी भरू लागते. काढलेला द्रव तपासणीस जातो. क्षय ठरला तर निदान सहा महिने औषधे. पू असेल तर शस्त्रक्रियेने निचरा.

आज अशा मुलास बहुधा पंचावन्न किलोमीटरांवरील इंदूरला धाडण्याचीच तजवीज होते, आणि चेपलेल्या हृदयाला तेवढीही सवड नसते. म्हणून वैद्यकीय नगरीचे बांधकाम पुरे होण्याची वाट न पाहता, रात्रपाळीस इको करणारा जाणकार डॉक्टर जिल्हा इस्पितळात आधी तैनात व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. क्षयात पाणी गेल्यावरही आवरण जाड होऊन हृदयाला आवळू शकते, त्यामुळे इको पुनःपुन्हा करावा लागतो. दर खेपेस इंदूर गाठावयाचे तर रोजावर छपाई करणाऱ्या बापाची मजुरी बुडते, आणि दोन-तीन खेपांनंतर मूल तपासणीस येईनासे होते.