बुडालेल्या युद्धनौकेतलं ते रिव्हॉल्वर रुझवेल्टना एवढं प्रिय का होतं?

न्यूयॉर्कजवळ ऑयस्टर बे इथं सॅगमोर हिल नावाचं घर आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट यांचं. आता तिथं संग्रहालय आहे. पुस्तकं, शिकारीतली मुंडकी, भेटवस्तू असं पुष्कळ काही तिथं आहे. पण एक वस्तू तिथून एकदा नाही, दोनदा चोरीला गेली. ती म्हणजे कोल्ट कंपनीचं 1895 सालचं, .38 कॅलिबरचं, सहा गोळ्यांचं एक रिव्हॉल्वर.

असलं रिव्हॉल्वर त्या काळी अमेरिकी नौदलात सर्रास असायचं. मग यात एवढं काय होतं?

त्यासाठी 15 फेब्रुवारी 1898 च्या रात्री जावं लागेल. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि अमेरिकेची ‘मेन’ ही युद्धनौका हवानाच्या बंदरात उभी होती. रात्री साडेनऊच्या पुढे तिच्यात प्रचंड स्फोट झाला. जहाज बुडालं, 260 हून जास्त माणसं गेली. स्पेननंच सुरुंग लावला असं अमेरिकेत घरोघरी बोललं जाऊ लागलं. वर्तमानपत्रांनी तर रानच पेटवलं. नौदल खात्याचे सहाय्यक सचिव असलेल्या रुझवेल्टना पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं. एप्रिलमध्ये युद्ध जाहीर झालं.

बुडालेल्या जहाजातून ज्या वस्तू वर काढल्या गेल्या, त्यात हे रिव्हॉल्वर होतं. रुझवेल्ट यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान विल्यम कोल्स नौदलात अधिकारी होते. त्यांनी ते आपल्या मेहुण्याला भेट दिलं. खाऱ्या पाण्यात पडलेलं लोखंड बाहेरची हवा लागली की भराभर गंजतं. वेळेत धुऊन, पुसून, तेल दिलं तरच वाचतं. हे वाचलं, आणि काही महिन्यांत प्रत्यक्ष लढाईत चाललंही.

रुझवेल्ट यांनी खुर्ची सोडली आणि ‘रफ रायडर्स’ या स्वयंसेवक घोडदळात दाखल झाले. 1 जुलै 1898 रोजी सँटियागोजवळच्या सान हुआन टेकड्यांवर चढाई झाली. खंदकातून दोन स्पॅनिश सैनिक उठले, त्यांनी गोळ्या झाडल्या. रुझवेल्ट यांनी याच रिव्हॉल्वरनं उत्तर दिलं. पहिली गोळी चुकली, दुसरीनं एक जण ठार झाला. हे त्यांनी स्वतःच आपल्या ‘द रफ रायडर्स’ या पुस्तकात लिहिलंय, आणि हत्यार ‘मेन’वरचं होतं हेही आवर्जून सांगितलंय. तो दिवस आपल्या आयुष्यातला सगळ्यात मोठा, असं ते अखेरपर्यंत म्हणत. रिव्हॉल्वरवर मजकूर कोरला आहे. एका बाजूला ते बुडालेल्या ‘मेन’वरचं असल्याची नोंद, दुसऱ्या बाजूला सान हुआनची तारीख आणि कर्नल रुझवेल्ट यांचं नाव.

आता गंमत बघा. हत्यार म्हणून हे कोल्ट काही फार नावाजलेलं नव्हतं. याच युद्धानंतर फिलिपिन्समध्ये .38 ची गोळी लागूनही मोरो योद्धे थांबत नाहीत, अशी तक्रार अमेरिकी सैनिकांनी केली. शेवटी सैन्यानं .45 कॅलिबर धरलं आणि त्यातून 1911 चं प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल आलं. पुढं 1912 मध्ये मिलवॉकीत खुद्द रुझवेल्ट यांच्यावर गोळी झाडली गेली, तीही .38 च्या कोल्ट रिव्हॉल्वरमधूनच! खिशातल्या भाषणाच्या जाड कागदांनी आणि चष्म्याच्या डबीनं जीव वाचला. गोळी मात्र शेवटपर्यंत छातीत राहिली.

थोडक्यात, त्यांचा जीव हत्यारात कमी आणि ‘मेन’च्या हिशेबात जास्त होता. जहाजावरच्या माणसांचा सूड त्यांच्याच जहाजावरच्या रिव्हॉल्वरनं घेतला, अशी ती भावना.

पण सूड नेमका कशाचा? 1976 साली अमेरिकी नौदलाचेच अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर यांनी तज्ज्ञांकडून सगळे पुरावे पुन्हा तपासून घेतले. स्फोट बहुधा आतूनच झाला, कोळशाच्या कोठारात धुमसणाऱ्या आगीनं शेजारचा दारूगोळा तापला असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. सगळ्यांना तो पटलेला नाही, वाद अजून आहे. पण स्पेननं सुरुंग लावला याचा ठोस पुरावा कधीच सापडला नाही. रुझवेल्ट तोवर जाऊन 57 वर्षं झाली होती.

राहता राहिली चोरी. 1963 मध्ये रिव्हॉल्वर पहिल्यांदा गेलं आणि जवळच्याच झाडीत सापडलं. 1990 मध्ये पुन्हा गेलं, ते 16 वर्षं बेपत्ता. एफबीआयला ते फ्लोरिडात मिळालं आणि जून 2006 मध्ये सॅगमोर हिलला परत आलं.