आकाशातून दिसणारी धूळ व धूर

मालवण परिसरातील सड्यावरून निरभ्र दिवशी दूरच्या डोंगररांगा स्पष्ट दिसतात. एखाद्या दिवशी त्या अंधुक होतात. कारण धुके असेल, वणव्याचा धूर असेल, अथवा दूरदेशीची धूळही असेल. जमिनीवरून पाहणाऱ्यास हा भेद सहसा कळत नाही. तो कळण्यास उपग्रहांची चित्रे उपयोगी पडतात.

जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडील धुळीचे वादळ अरबी समुद्रावरून पुढे सरकले. २३ जानेवारीस मुंबईचे आकाश धुरकट झाले व उभ्या गाड्यांवर पांढरट भुकटीचा थर बसला. ही धूळ समुद्र ओलांडून येत असल्याचे उपग्रहचित्रांत दिसले.

भारताचा इन्सॅट-३डीआर हा उपग्रह ८ सप्टेंबर २०१६ रोजी सोडण्यात आला. मालवणच्या रेखांशाजवळ, ७४ अंश पूर्वेस, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर त्याला स्थान देण्यात आले. असा उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरतो. म्हणून त्याला सतत तोच प्रदेश दिसतो. दर अर्ध्या तासाची चित्रे क्रमाने लावली म्हणजे धुळीची दिशा व वेग समजतो. धुळीची कड अर्ध्या तासात १५ किलोमीटर सरकली, तर तिचा वेग ताशी ३० किलोमीटर होय. वर्गात घालण्यास हे गणित सोपे आहे.

काळसर समुद्रावर फिकट धूळ सहज उठून दिसते. जमिनीवर मात्र ती मातीच्या रंगात मिसळते. तेथे उष्णतेच्या अदृश्य किरणांचे साहाय्य घेतात. हे किरण धूळ एका रीतीने शोषते, तर उंच ढगांतील हिमकण दुसऱ्या रीतीने. त्यामुळे रात्रीही धूळ ओळखता येते. धुराचे कण फार सूक्ष्म असल्याने तो मुख्यतः सूर्यप्रकाशात दिसतो. त्याचा पट्टा उगमाशी अरुंद असून वाऱ्याच्या दिशेने रुंदावत जातो. आग मात्र तप्त बिंदूच्या रूपाने दिसते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशा बिंदूंवरून वनविभागास आगीच्या सूचना पाठविते.

तरीही उपग्रहास सर्वच दिसत नाही. ढगांखालची आग झाकली जाते. तप्त बिंदू अचूक टिपणारे उपग्रह कमी उंचीवरून दिवसातून थोड्याच वेळा जातात. तेवढ्या अवधीत कातळावरील वाळल्या गवताचा वणवा काजूची बाग जाळून विझूनही जातो. शिवाय वरून दिसलेली धूळ उंचावर आहे की मुलांच्या श्वासात जात आहे, हे एका चित्रावरून ठरत नाही.

म्हणूनच गावातील डोळसपणाचे मोल मोठे आहे. शिक्षकांनी मुलांकडून रोज ठरावीक वेळी दूरची एखादी टेकडी दिसते की नाही आणि वारा कोठून वाहतो, याची नोंद करवून घ्यावी. हवा धुरकट असेल त्या दिवशी मैदानावरील कवायत टाळावी. दम्याच्या मुलांची विशेष काळजी घ्यावी. वणवा दिसताच मुलांनी तिकडे न धावता वडीलधाऱ्यांस सांगावे व त्यांनी वनरक्षकास त्वरित कळवावे, हेही त्यांच्या मनावर बिंबवावे.